आधी आतून, मग बाहेरून

३ मार्च

टिकत नाही, टिकत नाही, टिकत नाही. दादा, हे ऐकून माझे कान किटलेत. बसपर्यंत सोडायला आलास तेव्हाही तेच. बॅग वर चढवता चढवता सगळ्यांच्या देखत म्हणालास, याचं परतीचं तिकीटही आत्ताच काढा, स्वस्तात पडेल. काका खो खो हसला. आई हसली नाही. मला उत्तर सुचलं ते नेहमीसारखं बस सुटून बराच वेळ झाल्यावर, आणि तोवर शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. म्हणून ही वही. आता तुला इथेच उत्तरं देणार. नववी नापास असलो तरी लिहिता येतं मला.

तर पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीखाली पत्रा आहे, त्यावर चिमण्या उजाडल्यापासून अशा भांडतात की गजर लावायलाच नको. घरमालकीण तोंडाची फटकळ, पण न मागता उशी आणून दिली. ऑफिस चालत जाण्यासारखं. काचेचं ऑफिस, दादा, थंडगार. गळ्यात फोटोवालं कार्ड असतं, ते दाराला दाखवलं की दार आपोआप उघडतं. मी उगाच दोन-तीनदा आत-बाहेर केलं. दारावरचा रखवालदार म्हणाला, साहेब, एकदा काय ते ठरवा. साहेब म्हणाला.

लहानपणापासून काका म्हणत आला की याच्या पायाला भिंगरी आहे, आणि मग सगळं घर मला भिंगरीच म्हणायला लागलं. बघा आता. भिंगरी खुर्चीत बसून पगार घेणार.

६ मार्च

काम कळलं. गोदामात खोकी उचलायचो त्यापेक्षा सोपं, फक्त घाम येत नाही म्हणून काम केल्यासारखं वाटत नाही.

एका खऱ्या कम्प्युटरच्या पोटात दहा-वीस खोटे कम्प्युटर चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावता येत नाही, पण राबतात खऱ्यासारखेच. गिऱ्हाइकांची अशी मशीनं चोरांपासून राखायची, हा आमच्या कंपनीचा धंदा. त्यासाठी जो प्लॅटफॉर्म आहे तो सगळा कंटेनरांचा. कंटेनर म्हणजे लहान लहान बंद डबे, एका डब्यात एकच काम. एक डबा दार सांभाळतो, एक ओळख पटवतो, एक हिशेब ठेवतो. एखादा बिघडला की फेकून देतात आणि तसाच दुसरा लावतात. बाकीच्या डब्यांना पत्ताही लागत नाही.

माझ्याकडे दोनच कामं. मशीन जोडायचं आणि मशीन काढायचं. जोडताना प्लॅटफॉर्मकडून एक चावी घ्यायची, म्हणजे अक्षरांची ही लांबलचक माळ. ती मशीनमध्ये टाकली की आत एक पहारेकरी बसतो. जरा वेळानं पडद्यावर मशीनचं नाव येतं आणि नावापुढे हिरवा ठिपका. झालं. त्याला आता सगळे ओळखतात.

काढताना मात्र क्रम चुकवायचा नाही. आधी आतून, मग बाहेरून. आधी आतला पहारेकरी उठवायचा, ठिपका राखाडी झाला की मगच पडद्यावरचं नाव पुसायचं. उलटं केलं तर नाव जातं आणि पहारेकरी आत तसाच राहतो. मग ते मशीन चालू असतं, पण त्याला कोणी ओळखत नाही. इथे अशा मशीनला बेवारशी म्हणतात. आमचा वरचा माणूस हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरतो, मी मनातल्या मनात त्याला मुकादम म्हणतो. त्यानं माझ्याकडून हे पाठ करून घेतलं. आधी आतून, मग बाहेरून. शाळेत एवढं पाठ केलं असतं तर नववी सुटली असती.

१० मार्च

आज मशीनं माझ्या हातानं जोडली. प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. कुठलंही चालतं, फक्त एकदा दिलं की बदलत नाही. बदलायचंच तर मशीन काढून पुन्हा जोडायचं. सुचलं नाही तर प्लॅटफॉर्म स्वतःच एखादं मोकळं झालेलं जुनं नाव पुढे करतो.

शेजारच्या टेबलावर चष्मेवाली बसते, माझ्यापेक्षा वयानं मोठी, कामाला चोख. तिच्या जुन्या मशीनांना पक्ष्यांची नावं आहेत. कावळा, पारवा, चिमणी. नव्यांना नुसते आकडे. विचारलं, ताई, पक्षी का सोडले? म्हणाली, संपत चालले म्हणून. मी हसलो. ती नाही हसली.

मी घरचीच नावं दिली. आई, दादा, काका, भिंगरी. मुकादम मागून वाकून म्हणाला, अख्खं खानदान घेऊन आलास की, भाडं कोण देणार? पण रांगेत चौघं हिरवी दिसली तेव्हा बरं वाटलं. दादा नावाचं मशीन सारखं तापतं. आई नावाचं काही मागत नाही, नुसतं चालू असतं.

२२ मार्च

तीन आठवडे होत आले आणि मी अजून इथेच आहे, दादा. नोंद घे.

आज घरी फोन केला. आईनं काय जेवलास विचारलं, मग पुन्हा काय जेवलास विचारलं. काकानं फोन ओढून घेतला आणि म्हणाला, भिंगऱ्या, ऑफिसात पोरी आहेत का रे? मी म्हटलं, आहे एक, पण ती आकड्यांशीच बोलते. तो म्हणाला, मग तुझं काही खरं नाही, तुला पाढेही येत नाहीत. बाबा गेल्यापासून घरात हसवायचं काम त्यानं एकट्यानं अंगावर घेतलंय. पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडून सगळ्यांची टिंगल करत असतो.

३१ मार्च

महिनाअखेरीला गिऱ्हाइकं कळवतात, कुठली मशीनं आता नकोत. मुकादमानं येऊन सांगितलं. चष्मेवालीची चिमणी, माझा काका.

चष्मेवाली माऊसवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठली, तोंड धुऊन आली, आणि शिस्तीत काढलं, आधी आतून, मग बाहेरून. मी आपला घाईत. पगाराचा दिवस, लक्ष घड्याळाकडे. पडद्यावरचं नाव आधी पुसलं आणि पुसल्यावर आठवलं. आत शिरायला गेलो तर मशीन मला आत घेईना. मुकादमानं सगळ्यांसमोर झापलं. एक वाक्य, म्हणाला, एक वाक्य लक्षात ठेवायचं होतं. मग म्हणाला, राहू दे आता, बसेल आतल्या आत कुढत.

२ एप्रिल

काकाचा फोन आला, दुपारी. म्हणाला, तुझ्या भावाला सांग, मस्करी पुरे. बाजारातून आलो तर दार अडवून उभा आहे, कोण पाहिजे विचारतो. माझी खाट पुढच्या खोलीत नाही. आणि तुझी आई बाहेर येऊन मला म्हणाली, कोण हवंय आपल्याला? आपल्याला म्हणाली रे. वीस वर्षं मला अरे-तुरे करणारी बाई.

मी म्हटलं, दादा उट्टं काढत असेल, तूही कमी का छळलंयस. तो हसला, पण अर्धवटच.

आज सकाळी उठायला उशीर झाला. गजर घ्यायला हवा.

३ एप्रिल

दादाला फोन केला. म्हटलं, झालं ना हसून, घे आता काकाला आत. दादा म्हणाला, कोण काका? बाबांना भाऊ कुठे होता? मी चिडलो. तोही चिडला. म्हणाला, तिकडे काय पितोस की काय? मग आवाज उतरवून म्हणाला, कालपासून एक म्हातारा पायरीवर येऊन बसतो. दिसायला बरा आहे. आपल्या सगळ्यांची नावं सांगतो. आईनं पाणी दिलं, तर रडायलाच लागला.

दादाला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही नाही यायचं.

४ एप्रिल

चष्मेवालीला सांगितलं. ती मला चहाच्या खोलीत घेऊन गेली आणि विचारलं, तू चिमणी पाहिलीस का कधी? मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, पक्षी. एवढासा, तपकिरी. घराघरांत यायचा. तान्ह्या मुलालाही आधी तोच दाखवायचे. मी म्हटलं, ताई, असा कुठला पक्षी नसतो. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ज्याच्या हातानं पुसलं, त्यालाच फक्त आठवतं. म्हणून पक्षी सोडले, आकड्यांचं कोणाला काय वाईट वाटणार. तू पहिल्या दिवशी घरची नावं टाकलीस तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू मला वेडी म्हणाला असतास.

म्हणालो असतो. आत्ताही म्हणायला आवडेल.

पण रात्री ही वही चाळली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय की पत्र्यावर चिमण्या भांडतात. पत्रा रिकामा आहे. मी असं का लिहिलं, मला माहीत नाही.

तिनं एक आणखी सांगितलं. नीट काढलं तर ते नसतंच, कुठेच. उलटं काढलं तर राहतं, पण बेवारशी.

म्हणजे माझ्या घाईमुळे काका आहे तरी.

९ एप्रिल

काका रोज फोन करतो. मला ओळखणारा तू एकटाच उरलास, म्हणतो. पायरीवरून दादानं उठवलं तर समोरच्या ओट्यावर जाऊन बसतो.

काल गिऱ्हाइकानं एक नवं मशीन मागितलं. मी त्याला काका नाव दिलं. चावी टाकली. ठिपका हिरवा झाला. देवाशपथ, मला वाटलं सुटलो.

आज दादाला विचारलं, काका कसा आहे? दादा म्हणाला, बरा आहे की, काय व्हायचंय त्याला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, दे फोन. फोनवर एक माणूस आला. आवाज चांगला होता. त्यानं मला माझ्या शाळेतल्या नावानं हाक मारली आणि तब्येत विचारली. मी म्हटलं, भिंगऱ्या म्हण ना. तो म्हणाला, म्हणजे काय?

मी फोन ठेवतोय तोच पुन्हा वाजला. काका होता. आमचा. म्हणाला, अरे, माझ्या खाटेवर कोणीतरी झोपलंय.

१७ एप्रिल

मुकादमाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, सुट्टी हवी असेल तर सरळ माग.

काम सोडायचं म्हटलं तर माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. त्याच्यासाठी ही नुसती नावं.

घरी फोन केला की तो दुसरा उचलतो. नेहमी पहिल्याच घंटेला.

२९ एप्रिल

मुकादम आला. माझ्या रांगेतलं एक मशीन जाणार.

आई.

म्हणाला, काम काही करत नाही, नुसतं चालू असतं. गिऱ्हाइकाला परवडत नाही.

मी त्याचे पाय धरले. खरंच धरले, सगळ्यांसमोर. तो लाजला. म्हणाला, उठ बाबा. गिऱ्हाइकाला एक मशीन कमी हवं. कुठलं, ते तुझं तू बघ. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी काढतो.

तो नीट काढेल. त्याचा क्रम चुकत नाही.

३० एप्रिल, सकाळ

नवा काका काढून बघितला. पहारेकरी उठत नाही. ठिपका राखाडी होत नाही. पाच-सहा वेळा केलं. उलट नावापुढचा हिरवा जास्तच गडद —

त्याला हात लावू नकोस, चष्मेवाली म्हणाली. तो आता तुला ओळखतो.

राहिले तिघे. आई, दादा, भिंगरी.

खोटं नाही लिहीत, दादा. तुझ्या नावावर माऊस गेला होता. टिकत नाही, टिकत नाही. एक बोट दाबलं असतं की कायमचं गप्प. मग आठवलं, नववीचा निकाल लपवला तेव्हा बाबांचा मार तू खाल्लास.

मग भिंगरी.

नीट काढलं तर मी नसणारच. कधीच नव्हतो असं. आईला रडायलाही काही नाही. सोपं आहे. पण मग तिच्याकडे कोण बघणार, त्या घरात, त्या माणसाबरोबर —

म्हणून उलटं. आधी बाहेरून. या वेळी घाई नव्हती.

चष्मेवालीला म्हटलं, ताई, जरा इकडे बघा. ती बघत होती. मी नाव पुसलं. ती बघतच राहिली, आणि मग हळूच विचारलं, आपण कोण? इथे कसे बसलात?

१ मे

कार्ड लागत नाही. दारावरचा रखवालदार म्हणाला, कोण हवंय आपल्याला.

खोलीत घरमालकीण. खोली रिकामी आहे, बघायची का? माझी बॅग तिनं कचऱ्यात — वही मिळाली. उशी परत घेतली तिनं.

घरी फोन. आईनं उचलला. कोण बोलतंय? मी म्हटलं, चुकून लागला. ती म्हणाली, असू दे हो, जेवलात का?

ती आहे. बस.

१२ मे

बाजारात गाड्या रिकाम्या करतो. नाव विचारत नाहीत. ए लाल शर्ट, म्हणतात. पैसे रोजच्या रोज.

आईला पाठवले. फोन करून मुद्दाम विचारलं, मिळाले का, कंपनीकडून आहेत. दादा मागून म्हणाला, देणारा खुळा दिसतोय, ठेवून घे.

हसलो मी. बऱ्याच दिवसांनी.

३१ मे

महिनाअखेर. ऑफिससमोर दिवसभर उभा. काचेतून माझी खुर्ची दिसते. नवा मुलगा आहे तिथे. मुकादम त्याच्याकडून काहीतरी पाठ करून घेत होता. ओठ दिसत होते. आधी —

काचेवर हात आपटले. कोणी वर बघितलं नाही.

चष्मेवाली बाहेर आली तेव्हा पुढे झालो. म्हटलं, ताई, चिमणी. ती थबकली. पांढरी पडली. आणि पळाली.

३ जून

आईला फोन. तुमची मुलं काय करतात, म्हटलं, असंच बोलायला. दोन आहेत, म्हणाली. थोरला, आणि धाकटा भिंगरी. भिंगरी परवाच आलाय. आता कुठे जात नाही. टिकला एकदाचा, म्हणून थोरला खूश आहे.

नाव सुचलं नसेल माझ्या खुर्चीतल्या त्या नव्या मुलाला. प्लॅटफॉर्मनं पुढे केलं असेल. मोकळं होतं.

७ जून

आईनं स्वतः फोन केला. मला. म्हणाली, तुम्ही परके आहात म्हणून सांगते, घरात कोणाला सांगता येत नाही. धाकटा झोपत नाही. जेवत नाही. दारात बसून असतो. माझे दीर आणि तो, दोघं, दाराच्या दोन बाजूंना. बोलत नाहीत. नुसते चालू असतात. मला बाहेर जाऊ देत नाहीत. कोणाला आत —

मी म्हटलं, आई —

ती म्हणाली, काय म्हणालात?

९ जून

थोरल्यालाही आत घेत नाहीत आता. कोण हवंय आपल्याला, म्हणतात. दादा ओट्यावर, काकाजवळ बसलाय. काकानंच सांगितलं, तो मला विसरला नाही, बेवारशाला बेवारशी आठवत असावा. म्हणाला, मी ओट्यावर आल्यापासून तुझा भाऊ मला पहिल्यांदाच काका म्हणाला. रडत होता.

मागचं दार आहे. न्हाणीकडचं. त्यांना माहीत नसेल. चावीनं आलेत ते, रांगत नाही आले त्या घरात.

काकाला सांगितलं. आईला मागून बाहेर काढा. तिघं बसमध्ये बसा. इकडे या. तिकिटाचं मी —

आईलाही फोन करून हेच सांगितलं. ती म्हणाली, परक्या माणसाच्या भरवशावर कशी येऊ हो?

११ जून

पैशांच्या खिडकीवर उभा. चिठ्ठीत विचारलंय, घेणारीशी नातं. रिकामं ठेवलं. खिडकीवाला म्हणतो, काहीतरी लिहा.

फोन वाजतोय. घरचा नंबर. पहिल्या घंटेला उचलला. आई नाही. आवाज माझा. माझाच. तो विचारतोय, कोण हवंय आप —

नाही. ठेवला. आधी पैसे. घेणारा, काका, आमचा, ओट्यावरचा. तीन तिकिटं, आई, दादा, काका. आईला दादा समजावेल. सगळे मिळून अकराशे चाळी —